आईनं बाहेर थांबायचं

३ डिसेंबर

राजनंदिनीचा अभ्यास आजपासून आमच्या वॉर्डात सुरू झाला. मुलगी कडा गावची, नर्सिंगचं मोठं शिक्षण घेऊन आता संशोधन करते. माझ्या लेकीच्या वयाची. विषय एवढाच — तान्ह्या बाळांना सुई टोचताना दुखतं, ते कमी कसं करायचं. निम्म्या बाळांना आईच्या छातीशी, दूध पिताना सुई. निम्म्यांना टेबलावर ठेवून जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब आणि मग सुई. कोणतं बाळ कुठं, ते चिठ्ठी उचलून ठरायचं. वर एक छोटा कॅमेरा लावलाय, बाळाचा चेहरा आणि रडणं टिपायला.

मनात म्हटलं, बाळ रडणारच. सुई आहे ती, पेढा नाही. बोलले मात्र नाही.

आयांची संमती घ्यायचं काम माझ्याकडं. राजनंदिनी म्हणाली, 'बाया तुमचं ऐकतात, सिस्टर. फक्त सगळं सावकाश समजावून सांगा.' ऐकतातच. या हॉस्पिटलात केस पांढरे झाले माझे. माजलगावपासून गेवराईपर्यंत बाया नावानं ओळखतात मला.

५ डिसेंबर

थंडी वाढली. वॉर्ड भरला. एका खाटेवर दोन-दोन लेकरं. दोघी सिस्टर रजेवर.

राजनंदिनी खूश आहे. एकाही आईनं नकार दिला नाही म्हणून. म्हटलं, मला कोण नाही म्हणतंय!

९ डिसेंबर

नवीन पेशंट. बबिता नावाची पोरगी, गेवराईकडची. पहिलंच बाळंतपण, मुलगी, वजन फार कमी, रक्तात जंतू. नवरा हनुमान टोळीबरोबर कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेलेला, ही बाळंतपणासाठी मागं राहिली. सोबत सासू.

बाळाच्या शिरा दोऱ्यासारख्या. दोन सिस्टरांनी हात टेकले. मी एका झटक्यात सुई लावली. डॉ. बद्रीनाथ म्हणाले, 'वनमाला सिस्टर असल्या की मी निर्धास्त.' बरं वाटलं. अजून हात चांगला आहे माझा.

११ डिसेंबर

सकाळी बबिताची खाट रिकामी. कुणाला न सांगता बाळ घेऊन गेल्या दोघी. इंजेक्शनं निम्मीसुद्धा झाली नव्हती.

डॉक्टर चिडले. 'हे लोक असंच करतात.' मी पण म्हटलं, टोळीच्या मुकादमाचा फोन आला असेल, गेली असेल ऊस तोडायला. चादर बदलली. दुसरं बाळ घेतलं.

१२ डिसेंबर

हे लिहायला नको वाटतंय.

राजनंदिनीनं दुपारी बोलावलं. आवाज नीट येतोय का, ते तपासायचं होतं. तिनं मधलंच एक रेकॉर्डिंग लावलं. बबिताच्या बाळाचं निघालं. चित्रात फक्त बाळ आणि माझे हात. पण आवाज सगळा.

'ए बाई, हात काढ तो. काढ म्हणते ना. पोटात होतं तेव्हा काही खाल्लं नाहीस, आता रडून काय उपयोग? हो बाहेर. तुझ्या रडण्यानं माझा हात हलतो.'

मग तिचा आवाज, अगदी बारीक. 'बाई, मी नुसती हुबी ऱ्हाते. बोलत न्हाई.'

'बाहेर.'

दार लावल्याचा आवाज. बाळाचं रडणं. आणि त्या रडण्यातच माझा आवाज, मदतीच्या सिस्टरला सांगताना — 'यांना पोरं कशाला होतात देव जाणे.' आणि मी हसले. हसल्याचं अगदी स्पष्ट ऐकू येतं.

राजनंदिनीनं आवाज कमी केला. मग म्हणाली, 'आवाज स्वच्छ आलाय.'

मी म्हटलं, साखरेच्या पाण्याचा गट होता ना, म्हणून आईला बाहेर काढलं. तर म्हणाली, 'सिस्टर, त्या गटात आईनं बाहेर थांबायचं, असं अभ्यासात कुठंच नाही. ते आपण करतो.'

आपण म्हणाली. तुम्ही म्हणाली नाही.

आणि मला ते बोलल्याचं आठवतसुद्धा नाही. त्या दिवसाचं काय आठवतं? शीर सापडली, डॉक्टरांनी शाबासकी दिली. म्हणजे असं मी किती जणींना बोलले असेन.

१३ डिसेंबर

राजनंदिनीला एकटीला गाठून म्हटलं, ते एक पुसून टाक. बाळाचा चेहरा नीट आला नाही, असं लिही.

ती रागावली नाही. म्हणाली, 'ते माझं नाही, सिस्टर. तुमचंही नाही. त्या बाईचं आणि तिच्या लेकीचं आहे. ती म्हणाली तर पुसू.' मग विचारलं, 'कॅमेरा कशासाठी आहे, हे तिला सांगितलं होतं ना?'

हो म्हटलं.

१४ डिसेंबर

जेवले नाही. ह्यांना सांगितलं, ॲसिडिटी.

१५ डिसेंबर

रजा टाकून बबिताच्या गावी गेले. तिथली आशाताई विजयमाला गेवराईच्या स्टँडवर स्कूटी घेऊन आली होती. रस्ताभर वाळूचे हायवा ट्रक, सगळी धूळ तोंडात. तिनं विचारलं, 'मॅडम, तुम्ही कावून आलात? फोन केला असता तर मी गेले असते की.' तपासायला आले म्हटलं.

सासू, वत्सलाबाई, दारात कापूस निवडत होती. मला बघितलं आणि हात थांबले. 'तुमीच न्हवं का त्या?' एवढंच बोलली. पाणीसुद्धा विचारलं नाही. इकडं दारात आलेल्याला पाणी विचारत नाहीत असं होत नाही.

बबिता आत, भिंतीला टेकून. बाळ मांडीवर लुगड्यात गुंडाळलेलं. मी पायाला हात लावला. गार. ओठाला बोट लावलं, तरी तोंड हललं नाही.

'कधीपासून पीत नाही?'

'कालधरनं.'

'मग आली का नाहीस?' — बोलले आणि माझाच आवाज मला ऐकू आला. त्या रेकॉर्डिंगमधला. तोच.

तिनं वर बघितलं नाही. म्हणाली, 'येऊन काय करू? तुमी भायेर काढता. ती आत वरडती आन् मी दाराला कान लावून हुबी. हितं मेली तर माझ्या मांडीवर तरी मरंल.'

इतकी वर्षं मी समजत होते, या बाया अडाणी, घाबरट, म्हणून पळून जातात. मुकादमाचा फोन बिन काही नव्हता. ती माझ्यामुळं गेली होती.

मी खाली बसले. म्हटलं, 'चल. तुला कुणी बाहेर काढणार नाही. मी काढणार नाही.'

'आता म्हणताल तसं.'

खरंच होतं. शेवटी सासूच आत आली. 'ऊठ गं. बोलली तर बोलू दे त्यांना. लेकरू तर जगंल.' म्हणजे मी बोलणारच, हे धरूनच. तिनं बबिताला दंडाला धरून उठवलं. विजयमालानं १०८ बोलावली.

गाडीत बाळाला बबिताच्या पोटाशी उघडं लावलं, वरून घोंगडी. मी ऑक्सिजन धरून समोर. बबिता सगळ्या रस्त्यानं खिडकीकडं बघत होती. माझ्याकडं एकदाही नाही.

१६ डिसेंबर

बाळ गंभीर. जंतू परत वाढलेत, आता मोठी औषधं. डॉ. बद्रीनाथ सर बबिताला म्हणाले, 'कोर्स पूर्ण केला असता तर ही वेळ आली नसती. कळत कसं नाही तुम्हाला?'

ती खाली बघत उभी राहिली. मी तिच्या शेजारीच. तोंड उघडलं नाही मी. सर पुढच्या खाटेकडं गेले.

नवीन सुई लावायची होती. बबिताला स्टुलावर बसवलं. बाळाचं डोकं तिच्या छातीशी. तिच्या डोळ्यांतून पाणी माझ्या हातमोज्यावर पडत होतं. सुई पहिल्याच वेळी लागली. हात हलला नाही.

रडण्यानं हात हलतो — खोटंच होतं ते. मला नको असायच्या त्या समोर, बस्स.

१७ डिसेंबर

सरांना त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं. बबिता का गेली ते. जे बोलले ते शब्दासकट. ते पेन फिरवत म्हणाले, 'कामाचा ताण असतो, सिस्टर. मनावर घेऊ नका.'

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ डिसेंबर

आज राजनंदिनीला सांगितलं. मी तुला खोटं बोलले. बबिताला काहीच समजावलं नव्हतं. 'इथं अंगठा दे, बाळाच्या भल्याचं आहे' — एवढंच.

'आणि बाकीच्यांना?'

'तसंच.'

'एकीलाही नाही?'

'नाही.'

ती खाली बसली. जवळच्या खाटेच्या कडेवरच. गावोगाव फिरून, लोकांच्या विनवण्या करून उभा केलेला अभ्यास तिचा. माझ्या भरवशावर. ओरडली नाही, तेच सहन झालं नाही मला. म्हटलं, 'बोल की मला काहीतरी.'

'काय बोलू? बाया नाही म्हणत नव्हत्या, आणि मला आनंद होत होता. मीच विचारायला हवं होतं, का म्हणत नाहीत म्हणून.'

आता काम थांबवायचं. अशा अभ्यासावर लक्ष ठेवणारी समिती असते, तिला सगळं कळवायचं. ते सांगतील तसं पुढं. मी म्हटलं, माझं नाव घालून कळव. ती म्हणाली, 'घालावंच लागेल.'

२० डिसेंबर

बाळ आज थोडं प्यायलं. वाटीचमच्यानं, आईचं दूध. बबितानं मला सांगितलं नाही. सासूला सांगत होती, ते कानावर आलं.

२४ डिसेंबर

समितीचं उत्तर आलं. नवीन बाळं घ्यायची नाहीत. आधी घेतलेल्या प्रत्येक आईला पहिल्यापासून सगळं सांगून परत विचारायचं. नाही म्हणेल तिच्या बाळाचं सगळं पुसायचं.

मी म्हटलं, मी विचारते सगळ्यांना. राजनंदिनी म्हणाली, 'एकट्या नको. तुमच्यासमोर कुणाला नाही म्हणता येत नाही. मी शेजारी बसेन.' खरं आहे. पण ज्या गोष्टीचा मला अभिमान होता, तीच तिनं अशी हळूच समोर ठेवली.

२६ डिसेंबर

दिवसभर तेच. वॉर्डातल्या काही, घरी गेलेल्यांना फोन. एक बाई म्हणाली, 'आगं बया! आमाला वाटलं, कॅमेरा चोरांसाठी हाय.' दुसरीनं विचारलं, माझं लेकरू कमी रडलं का जास्त? तिला दाखवलं, तर म्हणाली, ठेवा, कुणाच्या तरी कामी येईल. काही जणींनी नाही म्हटलं. अगदी सहज. नाही म्हणता येतं हे कळल्यावर म्हटलं. राजनंदिनी प्रत्येकीला 'बरं' म्हणते आणि पुसते.

बबिता अजून राहिली आहे. बाळ पुरतं सावरल्यावर तिला विचारायचं ठरलंय.

आणि हे इथंच लिहिते, कुणाला सांगणार नाही — मनातून वाटतंय, तिनं नाही म्हणावं. तिच्यासाठी नाही. माझ्यासाठी. मग ते हसणं कुठंच राहणार नाही. इतकं सगळं होऊनही मला हेच सुचतं.

३० डिसेंबर

बाळ अंगावर पितंय. पाय गरम आहेत. वत्सलाबाई आज मला म्हणाली, 'बसा की जरा.' पण माझ्याच्यानं बसवलं नाही. काम आहे म्हणून सटकले.

२ जानेवारी

आज बबिताला विचारलं. राजनंदिनी शेजारी, बोलले मी. सगळं सांगितलं. कॅमेरा कशाला, चिठ्ठी कशाला. शेवटी म्हटलं, 'त्यात मी तुला काय काय बोलले, तेपण आहे. आणि तू बाहेर गेल्यावर जे बोलले, तेही.'

'ते कावून सांगता? मी दाराशीच व्हते. हसलात तेबी ऐकलं.'

मला खाली बघावं लागलं.

मग तिनं राजनंदिनीला विचारलं, 'न्हाई म्हणलं तर हिची इंजेक्शनं बंद व्हतील का?'

'नाही. काहीच बंद होणार नाही.'

'मंग न्हाई. पुसून टाका.' आणि बाळाला दुसऱ्या अंगाला घेत, माझ्याकडं बघून म्हणाली, 'तुमाला बी ऐकवत नसंल ते.'