लेण्यांखालच्या वळणावरची हाक

भाजे, रविवार, संध्याकाळ

लेण्यांखालच्या वळणावर तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर ओ देऊ नका, अशी रील सुमितने टाकली होती. माझ्या या धाकट्या भावाने ते माझ्यासमोर, घरात बसून रचलं. खाली कितीतरी अनोळखी माणसांनी लिहिलंय, 'आम्हीही ऐकली.'

आज त्याच वळणावर आई पुढे दिसली, डोक्यावर गवताचा भारा. मी हाक मारली. ती थांबली नाही, उलट भराभर चालू लागली.

घरी विचारलं तर म्हणाली, "ऐकलं की. पन तितं ओ देत न्हाईत."

"अगं, सुम्याने रचलंय ते!"

"मग एवढ्या लोकांनी काय खोटंच लिवलं व्हय?"

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या दाराला लिंबू-मिरचीसुद्धा नाही. भूत नसतं, हे मला शाळेच्याही आधी आईनेच शिकवलं. उद्या तिचा पाय तिथे घसरला, मी हाका मारत शोधत फिरले आणि तिने ओच दिली नाही, तर?

सुमितने रील काढून टाकली. "पण ताई, लय जणांनी उचलून आपापल्या नावाने टाकलीय," म्हणाला.

आत्ता अंगणातून आईची हाक आली. आवाज तिचाच आहे. तरी मी ओ दिली नाही. ती दारात दिसेपर्यंत लिहीत बसलेय.