वल्हं साईनाथला, मिठाची वाटी अक्षदाला

मी, धोंडूबाई पदू ठोंबरे, वय एकाहत्तर, राहणार कडाव, तालुका कर्जत, हे माझ्या हातानं, कुणाच्या दबावाशिवाय लिहिते. डोकं जागेवर हाय. माझ्या लेकाला, साईनाथला, शंका असंल तर त्यानं येऊन बघावं. तेवढ्या निमित्तानं तरी येईल.

१. घर आन मागची पडवी साईनाथ आन माझी लेक अक्षदा, दोघांच्या नावानं, सामाईक. मधी भिंत घालायची नाय. भिंत घालायची का नाय, ह्या भांडणापायीच दोघं एकमेकांशी बोलत नायत.

२. पडवीतला भांड्यांच्या साबणाचा पिंप दोघांचा. ढवळायचं वल्हं साईनाथला, मिठाची वाटी अक्षदाला. अदलाबदल चालणार नाय. तुमच्या बाचा नियम हाय: ढवळणाऱ्यानं मीठ टाकायचं नाय, हात भरून आले की त्याला घाई होते. डिंकाची पूड आधी भिजवायची, मग साबण, मीठ शेवटी चिमटीचिमटीनं; मिठानं साबण दाट होतो, पण जास्त पडलं की उलटा पातळ. वल्हं जड लागलं की ते वरडायचे, "बास गं!"

एकदा मी त्यांच्या मिशांची चेष्टा करत बसले आन मीठ टाकतच राहिले. दाट झालेला साबण बघता बघता पाण्यासारखा पातळ.

"धोंडे, ताक केलंस की गं!"

"मग प्या की!"

वर आणखी डिंक घातला, तरी काय उपयोग नाय. पण रागावले नायत. पुढच्या घाण्यात मीठच घातलं नाय, हे पातळ थोडं थोडं त्यात ओतलं. दोन्ही मिळून असं दाट झालं, की वल्हं उभं राहिलं. तसं हसणं पडवीत पुन्हा ऐकलं नाय मी.

३. शेजारची कोंडी अख्ख्या गावात सांगत फिरली, "पदूचा साबण म्हणजे नुसतं पाणी." त्या पातळ साबणाची एक बाटली मी जपून ठेवलीय. ती कोंडीला द्यावी. तिचा शब्द खोटा पडू नये.

४. कानातल्या बुगड्या अक्षदाला. सुनेला, समीक्षाला, माझी नऊवारी; नेसता येत नाय तिला, पण हसवंल सगळ्यांना.

५. माझ्या बाराव्याची टोपं विकतच्या साबणानं घासायची नायत. तुमी दोघांनी ह्याच पिंपात केलेल्या साबणानं घासायची. पातळ झाला तर भांडू नका, उपाय वर लिवलाय. आन साईनाथ, मीठ थांबवायला "बास गं" म्हणावंच लागंल रं. तेवढं तरी बहिणीशी बोल.

वाचून, समजून सही केली.

धोंडूबाई पदू ठोंबरे

आमच्या समोर सही झाली:
१. दशरथ भोईर (हसू आवरंना त्याला)
२. रूपाली ठोंबरे, पुतणी

ठिकाण: कडाव
तारीख: ९ फेब्रुवारी २०२५