लिली, बेक्कु आणि वडगावचे घर

मी, रविराज गुंडू सुळगेकर, वय छप्पन्न, व्यवसाय वार्ताहर, राहणार वडगाव, बेळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. हृदयाची तशी खात्री नाही, म्हणून उद्या डॉक्टर ते उघडून पाहणार आहेत. मनाबद्दल कोणास शंका असल्यास शेजारचे भरमू यांना विचारावे. त्यांच्या यंत्रमागाच्या खडखडाटात मी इतकी वर्षे निपाणीपर्यंतच्या बातम्या व्याकरणशुद्ध लिहीत आलो, याहून मोठा दाखला मजजवळ नाही.

१. माझे संस्कृत ग्रंथ, मी जेथे शिकलो त्या पाठशाळेस द्यावेत. काही पानांवर मांजराच्या पंजाचे ठसे आहेत. पुढील पंडितांनी ते प्रक्षिप्त समजू नयेत.

२. स्कूटर भरमूंना. ब्रेक उशिरा लागतो. ते मागे बसून ओरडत आले आहेत, तेव्हा वेगळे सांगणे नलगे.

३. वडगावचे घर व मागचे परसू माझा धाकटा भाऊ मष्णू यास. तो चिकोडीला सरकारी कचेरीत आहे, बदली मागतो आहे आणि त्याच्या बायकोला, मंजुश्रीला, बागेची फार हौस आहे. म्हणून अट घालतो. षष्ठी नावाचे माझे मांजर जिवंत असेतोवर या घरात व परसात लिली, कण्हेर, कळलावी व ते पाम म्हणून विकतात ते सायकस लावू नये. हारतुऱ्यातून आलेली लिलीसुद्धा उंबऱ्याआत आणू नये, कारण तिचा पराग आणि फुलदाणीतले पाणीही मांजराला मारायला पुरते. गुलाब, मोगरा हवा तेवढा लावावा. अट मोडल्यास घर माझी आतेबहीण माधवी हिच्याकडे जाईल. कण्हेरीला संस्कृतात अश्वमारक म्हणतात, हे मी मष्णूला पूर्वीच सांगितले होते. तो म्हणाला, ‘‘आण्णा, आपल्याकडं घोडा कुठं हाय?’’

४. ही अट का, ते पुढच्यांना कळावे म्हणून लिहितो. माझ्याकडे दोन मांजरे होती, नावे विभक्तींवरून ठेवलेली. थोरली सप्तमी, कारण ती सदैव कपाटात, टेबलावर, पोथीवर अशी कुठेतरी असे. तिची लेक षष्ठी, कारण घरातली प्रत्येक वस्तू तिची असते.

मागे मी बातमीसाठी बाहेरगावी असताना मष्णू घर राखायला आला. मला परसू हिरवे करून दाखवावे, असे त्याच्या मनात आले. त्याने चिकोडी रस्त्यावरच्या रोपवाटिकेत फोन लावला. मी बजावले होते, लिली नको, घरात मांजर आहे म्हणून सांग. रोपवाल्याने विचारले, ‘लिली?’ मष्णूला त्याच्या कन्नडचा अभिमान आहे. तो म्हणाला, ‘मनेल्लि बेकु.’

मांजराला कन्नडमध्ये बेक्कु म्हणतात. बेकु म्हणजे पाहिजे. मष्णूने सांगितले की घरात मांजर आहे. रोपवाल्याने ऐकले की घरात पाहिजे. त्या बिचाऱ्याने भरपूर कुंड्या पाठवल्या. कळ्या मिटलेल्या होत्या, लिली ओळखू येईना, आणि मष्णूला वाटले, मांजराचे सांगूनही यानेच निवडून पाठवल्यात, म्हणजे चालत असणार.

फुले उमलली. सप्तमी नेहमीप्रमाणे कुंडीत झोपली, अंगावरचे केशरी पराग चाटून स्वच्छ झाली, आणि मग तिने खाणे सोडले. कॅम्पातल्या डॉ. स्वरूप यांनी सलाइन लावले, पण मूत्रपिंडे गेली होती.

आम्हा व्याकरणवाल्यांना एखादी मात्रा वाचली की आनंद होतो. मष्णूने एक क वाचवला, त्याचा आनंद मला करता आला नाही.

‘‘म्या बराबर बोललोतो, आण्णा. त्यानंच उलटं ऐकलं,’’ एवढेच तो म्हणाला. तेव्हापासून मी त्याच्याकडे चहा घेत नाही. मंजुश्री दर वेळी करते आणि मी दर वेळी आम्लपित्ताचे कारण सांगतो. ते खरे नाही, हे येथे नमूद करतो.

५. षष्ठीचा ताबा माझ्या पश्चात लोंढ्याच्या माधवीकडे द्यावा. माधवीकडे कुत्रा आहे आणि षष्ठीने आजवर वडगाव सोडलेले नाही, हे मला माहीत आहे. पण माधवी नेमके बोलते. बँकेतील शिल्लक षष्ठीच्या औषधपाण्यासाठी तिच्या हाती असावी.

येथवर लिहून साक्षीदारांपुढे सही करणार, तोच उद्याच्या दवाखान्यासाठी मष्णू आला. त्याला बढती मिळाली आहे. कचेरीतला सत्कार उरकून तो थेट बसने आणि स्टँडवरून रिक्षाने आला होता, आणि रिक्षावाला त्याची पिशवी व भला मोठा पुष्पगुच्छ घेऊन मागोमाग पायरी चढत होता. मष्णू दारातच वळला आणि हात आडवा धरून म्हणाला, ‘‘बेड, बेड. ओळगे बेक्कु इदे.’’

नको, आत मांजर आहे. दोन्ही क असे ठोकून उच्चारले की पलीकडे माग चालू असताना साक्षीला बसलेल्या भरमूंनी मान वर केली.

गुच्छ रिक्षावाल्यालाच गेला. मष्णूने बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, सदरा काढून झटकला आणि बनियनवर आत येऊन बसला. षष्ठी त्याच्या मांडीवर चढली.

‘‘काय बघायलास, आण्णा?’’

‘‘काही नाही. चहा टाक,’’ मी म्हणालो. ‘‘तुझ्या हातचा.’’

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र वाचून, समजून, चहा पिऊन सही केले.

सही: रविराज गुंडू सुळगेकर
स्थळ: वडगाव, बेळगाव
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार:
१. भरमू कल्लाप्पा हुंदरे, यंत्रमागधारक, वडगाव
२. डॉ. स्वरूप देसूरकर, पशुवैद्य, कॅम्प, बेळगाव

दुरुस्ती: कलम ५ मधील ‘लोंढ्याच्या माधवीकडे’ हे शब्द व त्यापुढील दोन वाक्ये रद्द समजावीत. त्या जागी ‘मष्णूकडे, याच घरात’ असे वाचावे, व शिल्लकही त्याच्याच हाती द्यावी. खाडाखोड माझीच आहे. र. गुं. सु.