हिरवळीचं काम मार्गी लागलं

२ मार्च
आजपासून रोजनिशी. लॉनला भेगा पडल्यात, त्या मी बुजवणार आहे. कामाची नोंद हवी. नोंद नसली की काम झालं की नाही हे नंतर मलाच आठवत नाही.

ही सध्या मेहुण्याकडे. तिथे सासरेबुवा पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. एरवी ते आमच्याकडेच असतात. फोनवर ही म्हणाली, बाबांना तिकडेच यायचंय, एप्रिलमध्ये आणते. पण डॉक्टरांनी रोज सपाट, मऊ गवतावर चालायला सांगितलंय. लॉन धड नसेल तर बाबा इथेच राहतील, भावाच्या बिल्डिंगखाली बाग आहे.

राहू देत की. मला काय! पत्त्यांत स्वतः लबाडी करतात आणि वर मलाच लबाड म्हणतात. समोरची खुर्ची रिकामी असली की डोळ्यांना खुपते, एवढंच. प्रश्न सासरेबुवांचा नाही, तत्त्वाचा आहे. उभी हयात रस्ते खात्यात गेली. जमीन मला शिकवणार?

३ मार्च, सकाळ
पाहणी. माती काळी, चिकण. ओली असली की चपलेला सोडत नाही, वाळली की दगड. मोठी भेग फाटकापासून थेट पायरीपर्यंत. खोली मोजायला टेप सोडली. टेप गेली. वाकून पाहिलं. चष्मा गेला.
खोली : भरपूर.

दुपार
शेजारचे डेंटिस्ट टॉर्च आणि त्यांचा तो छोटा आरसा घेऊन आले. पालथे पडून बराच वेळ आत बघत होते. म्हणाले, रूट कॅनल करावं लागेल. माणूस हुशार आहे, पण कुठल्याही भोकात त्यांना दातच दिसतो. चष्मा चिमट्याने काढून दिला. टेपचं म्हणाले, फार आत आहे, दुखत नसेल तर राहू द्या.

६ मार्च
हिचा फोन. म्हणाली, वाळूबिळू अजिबात घालू नका. कुजलेलं खत घाला, वर पाचोळा पसरा, रोज थोडं थोडं पाणी द्या. बाकी कशाला हात लावू नका. मी हो हो म्हणालो. पाचोळा पसरून कुठे काम होतं? आम्ही पाचोळा झाडून मग काम सुरू करायचो.

पाण्याचं मात्र पटलं. पण थोडं थोडं काय? तहानलेल्याला कुणी चमच्याने पाणी पाजतं? पाइप थेट मोठ्या भेगेत सोडला आणि जरा आडवा झालो.

संध्याकाळी
उठलो तर पाणी चालूच. वर थेंब नाही. ही मला नेहमी म्हणते, तुमच्या बोलण्यात कुठेतरी पाणी मुरतंय. आज पत्ता लागला. डेंटिस्टच्या दवाखान्यात. फरशीच्या सांध्यांतून वर आलं. खुर्चीतला पेशंट तोंड न मिटताच पळाला म्हणे. डेंटिस्ट बरंच बोलले. मी ऐकून घेतलं.
निष्कर्ष : या मातीला पाणी मानवत नाही.

९ मार्च
वाळू मागवली. ही नको म्हणाली होती, पण फोनवरून माती दिसत नाही. शिवाय अनुभव कुणाचा? माझ्या रस्त्यांबद्दल लोकांची कधीच तक्रार नव्हती. तक्रार असायची ती खड्ड्यांबद्दल.

भेगा वाळूने भरल्या, पाणी मारलं, धुमस घेऊन दिवसभर माती ठोकली. कंबर गेली. काम दिसतंय पण.

१४ मार्च
भेगा परत. नीट पाहिलं. जुन्या नाहीत, जुन्यांच्या शेजारी नव्या पडल्यात. म्हणजे जुन्या पक्क्या बुजल्या. नव्यांची जबाबदारी माझ्यावर येत नाही.

सासरेबुवा फोनवर आले. आवाज अगदी बारीक झालाय. म्हणाले, काय जावईबापू, गवत ठेवलंयत ना माझ्यासाठी, की चरलात? म्हटलं, आहे थोडं. मग म्हणाले, इथे सगळे मला मुद्दाम जिंकू देतात हो. काही मजा नाही.

फोन ठेवल्यावर डोळ्यांतून पाणी आलं. अंगणात वाळू फार उडते.

१५ मार्च
आता हयगय नाही. अख्खं लॉन खणायचं. वाळू, मग दगडाचा कच, मग बारीक खडी, थरावर थर. गवताचं काय असं डेंटिस्टनी कुंपणावरून विचारलं. म्हटलं, गवत शेवटी. घर बांधताना आधी पडदे लावतो का आपण? ते आत निघून गेले.

२२ मार्च
हिचा फोन. काय करताय म्हणाली. म्हटलं, काम मार्गी लागलंय. यात शब्दसुद्धा खोटा नाही.

२८ मार्च
खात्यातला जुना रोलरवाला मैत्रीखातर रोलर घेऊन आला. फाटकातून मावेना. फाटक काढलं. फाटकाबरोबर एक खांब आपणहून आला. रोलर फिरला, भांडी वाजली, डेंटिस्ट पुन्हा बाहेर आले. म्हणाले, ड्रिलिंग मीसुद्धा करतो हो, पण आधी भूल देतो.

काम झाल्यावर रोलरवाल्याने विचारलं, साहेब, डांबर कधी येतंय? मी हसलो. मग जरा विचार केला. मग नको म्हटलं. अगदीच वेडा नाही मी.

३० मार्च
एकही भेग नाही! चहा घेऊन बराच वेळ नुसता बघत बसलो. खिळा ठोकून पाहिला. खिळा वाकला.

४ एप्रिल
गवताचं बी टाकलं. वारा सुटला. बी गेलं.

१० एप्रिल
डेंटिस्टकडे गवत उगवलंय. माझं आहे. आभाराचा एक शब्द नाही.

११ एप्रिल
बाजारात प्लास्टिकची हिरवी चटई मिळते असं कळलं. मापं घेऊन गेलो. दुकानातच बूट काढून तिच्यावर फेऱ्या मारून पाहिल्या. टोचते. म्हाताऱ्या माणसाच्या पायाला कशी चालेल? तसाच परत आलो.

१३ एप्रिल
उद्या येतायत. सासरेबुवांची खोली झाडली. पत्त्यांचा नवा कॅट आणला, जुन्यातला राजा त्यांनी कधीच लंपास केलाय. लॉनबद्दल काळजी नाही. सपाट आहे. मऊपणाचं बोलून बघू.

१४ एप्रिल, संध्याकाळी
गाडी आली. फाटक नव्हतंच. ड्रायव्हरने सरळ आत घेतली, लॉनच्या मधोमध उभी केली आणि म्हणाला, पार्किंग झकास केलंयत.

ही उतरली. बघत राहिली. सासरेबुवा वॉकर धरून उतरले. हौसेने चप्पल काढली, तळवा टेकवला आणि झटकन उचलला. दिवसभराचं तापलेलं. ही म्हणाली, बाबा, गाडीत बसा.

मी थर समजावून सांगायला लागलो. कुणी ऐकेना. मग म्हटलं, सगळं उकरतो, खत घालतो, पाचोळा घालतो, तू म्हणशील ते. ही म्हणाली, तोवर बाबा परत पडले म्हणजे? सासरेबुवांचा हात धरला. म्हटलं, राहा हो, तुम्ही नसलात की करमत नाही मला. कसं काय तोंडातून निघालं कुणास ठाऊक.

ते म्हणाले, अहो, हे फोनवर बोलला असतात तर मी सतरंजीवर चाललो असतो. मग हात सोडवून घेतला, कारण हिने दार उघडून धरलं होतं. बाबांना पोचवून येते म्हणाली. कधी, ते नाही बोलली.

गाडी मागे आली, वळली, गेली. मी वाकून पाहिलं. एवढी जड गाडी आली, वळली, गेली, पण कुठे चाकाचा साधा वळ उठला नाही.

इतका पक्का रस्ता नोकरीत असताना मला एकदाही जमला नव्हता.