फाटक बंद आहे, दादा

प्रिय दादा,

वहिनी काल दुपारी येऊन गेली. बिचारी उन्हातून चालत आली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, शिवणाची कामं कशी चालली आहेत ते विचारलं आणि मग हळूच मुद्द्यावर आली. द्राक्षं तोडणीला आलीत, सकाळी व्यापारी गाडी घेऊन येणार, तेव्हा माझ्या शेताचं फाटक उघडून ठेवायचं, एवढाच तुझा निरोप. स्वतः का नाही आलास रे? पायाला मेंदी लावली होतीस का? मी तिला सरबत दिलं, तुझ्या नातवाचे फोटो पाहिले आणि उत्तर दादालाच देईन म्हणून सांगितलं. तिला कशाला मध्ये घ्या? भली बाई आहे. तुझ्या वाट्याला कशी आली, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

बाबांची वाटणीची पद्धत आठवते ना तुला? कलिंगड असो, केक असो, नाहीतर खिडकीजवळची झोपायची जागा असो, एकानं वाटे करायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा. सुरी हातात आली की तू एरवी कधी नव्हे इतका न्यायी व्हायचास. जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून माप घ्यायचास. जमिनीबद्दलही बाबा तेच सांगून गेले. दादा वाटे करील, धाकटी निवडील. मला वाटलं, चला, भांडायला जागाच उरली नाही. केवढी भोळी होते मी! भोळी कसली, ठार मूर्ख.

तू नकाशावर आडवी रेघ मारलीस. वर रस्त्याला लागून मुरमाचा उतार, खाली ओढ्यापर्यंतची काळी माती आणि विहीर. शेंबड्या पोरानंसुद्धा खालचा तुकडा उचलला असता आणि मीही तोच उचलणार होते. पण आदल्या संध्याकाळी तू मला शेतात घेऊन गेलास आणि खालच्या तुकड्यात रांगेनं रोवलेले, लाल रंग दिलेले दगड दाखवलेस. म्हणालास, इथून हमरस्ता जायचाय, मोजणीवाले खुणा करून गेलेत, अर्धी जमीन जाईल आणि कचेरीत हेलपाटे घालता घालता जीव मेटाकुटीला येईल. तू एकटी बाई, कुठे कुठे फिरशील, तू वरचा तुकडा घे, ही कटकट मी सोसतो. डोळ्यांत पाणी होतं रे तुझ्या! औषधाच्या दुकानात उगाच उभं आयुष्य घालवलंस, नाटकात गेला असतास तर नाव काढलं असतंस. मी वरचा तुकडा घेतला. वर तुझे आभारही मानले. ते आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

सह्या झाल्या आणि दगड नाहीसे झाले. विचारलं तर सरकारचा बेत बदलला म्हणालास. मी विश्वास ठेवला, कारण तू माझा दादा होतास. पुढे एकदा तुझ्याकडे चहाला आले. वहिनी मोठ्या कौतुकानं गुलाबांचा वाफा दाखवत होती. भोवती पांढऱ्या दगडांचं कडं. तिनंच सांगितलं की ह्यांना काही म्हणजे काही टाकवत नाही, हे दगड आधी इथेच मागच्या पडवीत बसून लाल रंगवले होते, काय मनात आलं कोण जाणे, मग पुन्हा पांढरे केले. मी वाकले आणि नखानं खरवडून पाहिलं. खालून लाल रंग निघाला. अरे, ते दगड ओढ्यात फेकले असतेस तर जन्मभर तुला देवमाणूस समजले असते! पण तुझा चिकटपणा आडवा आला. मी चहा प्यायले, दोन बिस्किटं खाल्ली आणि घरी आले. तुला वाटलं, हिला काय कळतंय.

त्या उन्हाळ्यात माझ्या उतारावर पेरूची रोपं होती. दिवसाआड तुझ्या विहिरीचं थोडं पाणी मागायला आले, तर तू वाटणीपत्र काढून एका ओळीवर बोट ठेवलंस. एकाच्या हिश्श्यात दुसऱ्याचा कसलाही हक्क राहणार नाही. ती ओळ तूच हट्टानं घालून घेतली होतीस. मला वाटलं होतं वकिली थाट असेल, पण ती विहिरीसाठी होती, माझ्यासाठी होती. खाली तुझा पंप धो धो चालू आणि वर माझी रोपं काड्या होऊन उभी. एकेक उपटून टाकताना मी रडले नाही. तुला शिव्या मात्र पोटभर दिल्या.

पण तुझं एक राहिलंच, दादा. बाबांच्या वेळी सगळं शेत एकच होतं, म्हणून वाट कुणाची हा प्रश्न घरात कधी कुणाला पडलाच नाही. तू विहीर पाहिलीस, माती पाहिलीस, बांधावरची झाडंसुद्धा पाहिलीस, पण खाली उतरणारी एकुलती एक गाडीवाट माझ्या मुरमावरून जाते हे काही पाहिलं नाहीस. तुझ्या खाली ओढा, दोन्ही अंगांना परक्यांची कुंपणं. आणि त्यावर तुझी ती लाडकी ओळ. मला हे तेव्हाच कळलं होतं. पण रिकाम्या रानाची वाट अडवून काय पदरात पडणार होतं? म्हणून तुला बाग लावू दिली, मांडव उभारू दिला, तुझी गाडी जाताना हसून हात केला. तू दुकान विकलंस, सगळं या बागेत ओतलंस. यंदा घड असे लगडलेत की माझ्या ओट्यावरून दिसतात. खुशाल कोर्टात जा, कदाचित वाट मिळेलही. तोवर त्यांचे बेदाणे होतील.

हे पत्र पोस्टानं का आलं नाही आणि वहिनीच्या हाती का दिलं नाही, ते आता तुला कळलंच आहे. फाटकाच्या फळ्यांवर पानं ओळीनं चिकटवलीत आणि अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तू येईपर्यंत व्यापाऱ्यानं, ड्रायव्हरनं आणि तोडणीच्या बायकांनी ती वाचून काढली असतील. मागे वळू नकोस, सगळे तुझ्याकडेच बघताहेत. मी समोर ओट्यावर मशीन घेऊन बसलेय, फाटकाची किल्ली माझ्या कमरेला आहे. वाट विकायची नाही आणि भाड्यानंही द्यायची नाही. तू फक्त तिथूनच, सगळ्यांदेखत सांगायचं, की ते दगड तूच रंगवलेस आणि तूच रोवलेस. मग गाडी जाऊ देईन, यंदापुरती. पण जरा मोठ्यानं बोल. मशीन चालू असलं की मला नीट ऐकू येत नाही, दोन-तीनदा सांगावं लागेल.

तुझीच,
धाकटी