रफिकभाईंना डिस्क, फक्त बघण्यापुरती

गुरुवार, संध्याकाळ. वडवणी.

स्टुडिओचे मालक रफिकभाई आज गिऱ्हाइकांसमोर माझ्यावर चिडले. तेलगावच्या लग्नाचं, त्यांनी स्वतः केलेलं सगळं शूटिंग खालच्या सर्व्हरच्या डिस्कवर आहे. ती डिस्क नेटवर्कवरून माझ्या मशीनला जोडून मी वर एडिटिंग करते. "माज्याबी मशीनला जोडा की ताई. कावून न्हाई?"

कारण एका डिस्कवर दोन मशीन एकदम लिहायला लागली की सगळा विचका होतो. चारचौघांत जरा तोऱ्यातच बोलले का मी? बोलले. पण बरोबर बोलले.

मग माझ्याकडून डिस्क अनमाउंट केली, जोडणी तोडली आणि त्यांच्या मशीनला जोडताना कमांडमध्ये रीड-ओन्ली टाकलं. बघा म्हटलं, हवं तेवढं.

थोड्या वेळानं खालून हाक आली. "ताई, ह्यो हललेला शॉट डिलीट होईना!"

होणार कसा? रीड-ओन्ली म्हणजे नुसतं बघायचं, पुसायचं नाही. हसतच खाली गेले. स्क्रीनवर नवरीचे वडील मांडवामागे एकटेच, डोळ्यांना उपरणं लावून उभे. कॅमेरा हलला होता खरा.

रफिकभाईंनी माउसवरून हात काढला. मग हळूच म्हणाले, "हात माजाच हालला, ताई. ऱ्हाऊ द्या ह्यो."