तेल न लावलेली जीभ

सोमवार
माझ्यासारख्या उचापत्या माणसाला याहून झकास नोकरी मिळायची नाही. नाटकांसाठी फसव्या वस्तू बनवायच्या! पोटात खुपसली की पातं मुठीत शिरणारी सुरी, बसताक्षणी मोडणारी खुर्ची, कापलेली मुंडकी. मालकांना सगळे काका म्हणतात. राहायला माळ्यावरची खोली, जेवण काकूंच्या हातचं. रबर तापवल्याचा वास तेवढा घाण, मोजे उकळल्यासारखा. काकू म्हणाल्या, होईल सवय, यांच्याशी लग्न करून मलाही झालीच की.

बुधवार
नव्या नाटकात राजाची जीभ उपटतात. नट खोटी जीभ गालात धरणार, जल्लाद ती चिमट्यानं ओढणार. अवयवाचा साचा जिवंत माणसावरूनच घ्यायचा, ही काकांची रीत. माझी जीभ बघून म्हणाले, वा, बडबड्याची आहे, वापरून वापरून तयार झालेली!
आधी जिभेला तेल चोपडायचं, मग ती प्लास्टरच्या लगद्यात बुडवायची. मी लगदा कालवत होतो, तर खिडकीत दोन मांजरं जुंपली. बघत बसलो, तेल राहिलं. साचा सुटेना. ओढला तशी शेंड्याची साल आतच राहिली. काकांनी विचारलं, तेल लावलंस ना? मी मान डोलावली. त्यावरच रबर ओतलं.

शनिवार
पहिला प्रयोग. विंगेत उभा होतो. अचानक तोंडात तंबाखू. मी तंबाखू खात नाही. मग शिळा कांदा, किडकी दाढ, कुणाची तरी कोमट थुंकी. समोर राजा रबरी जीभ गालात घोळवत होता. मग चिमट्याचं लोखंड, मग स्टेजवरची धूळ. मागच्या गल्लीत जाऊन भडाभडा ओकलो.

रविवार
काकांना सांगितलं. तेल नाही लावलंस, एवढंच म्हणाले. केस सारून डावा कान दाखवला. त्या कानानं त्यांना ऐकू येत नाही. फळीवर जुन्या नाटकातला रबरी कान आहे, उंदरांनी कुरतडलेला.

मंगळवार
जीभ पेटीत ठेवतात. आज तिच्यावरून झुरळ गेलं. सावकाश. मिशासुद्धा कळल्या.
काकूंनी ताट वाढलं. घासाघासाला तीच किडकी दाढ. उठलो.
दुसरी जीभ केली, भरपूर तेल लावून. राजानं थुंकून टाकली. ही मेलेली वाटते म्हणाला, ती कशी उबदार आहे.

गुरुवार
काल अख्खी जीभ लोंबताना बघून लोक हसले. दिग्दर्शक चिडलाय. आज कात्रीनं कापायची म्हणतो, सगळ्यांदेखत, खरीखुरी. दुसरी करता येईल की, म्हणे.
पळून कुठं जाऊ? मी जाईन, जीभ इथंच राहील.
पेटी उघडली, रिकामी. राजा सकाळपासून ती गालात घेऊन हिंडतोय. सांगायला गेलो तर बोलताच येईना, जीभ त्याच्या दाढेखाली दाबलेली — नुसता गों गों — त्याला वाटलं नक्कल करतोय. हसला. हसताना चावला.

विंगेत. पडदा वर गेलाय. काका खाली बघतायत.
चिकट. सगळं चिकट. त्याची लाळ माझ्या घशात —

चिमटा —

ओढतोय — मुळापासून — कुणी हसत नाहीये आज —

गार पातं. वरून एक. खालून ए